टिचकी आणि अक्काच्या दोनशे चौदा फायली

त्याला गावात कुणी नावानं हाक मारल्याचं मला तरी आठवत नाही. टिचकी. बस्स. शाळेच्या हजेरीत त्याचं काहीतरी लांबलचक नाव होतं, पण ते वाचताना मास्तरांनाही मध्येच दम लागायचा.

बाप मडकी घडवायचा. सातव्या वर्षी तापात पोराचे डोळे गेले. बापानं आठ दिवस चाकाला हात लावला नाही. नवव्या दिवशी पोराला उचलून भट्टीजवळ नेऊन बसवलं आणि म्हणाला, "दिसत नाही ना? मग ऐक." भाजलेल्या मडक्याला बोटानं टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर उजवीकडं ठेवायचं, बद्द वाजलं तर डावीकडं. डावीकडचं मडकं बाप पुन्हा तपासायचा आणि त्याला कुठंतरी केसाएवढी चीर सापडायचीच. दोन वर्षांत पोरगं इतकं तयार झालं, की गिऱ्हाईक बापाला सोडून पोरालाच विचारायला लागलं. पुढं त्याला खोडच लागली. दार, टेबल, कलिंगड, पाण्याची टाकी, समोर येईल त्याला टिचकी. पोस्टमास्तरांच्या टकलावर मारलेली टिचकी तर गावात वर्षभर गाजली. "आत माल आहे," असा निकालही त्यानं तिथल्या तिथं दिला होता.

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. पाच वर्षांनी मोठी, पण दरारा पंधरा वर्षांचा. त्याची सगळी शाळा तिच्या तोंडातून झाली. ती पुस्तक वाचायची, हा ऐकायचा. पण नुसतं वाचेल तर ती अक्का कसली! ओळ वाचायची आणि खालच्या आवाजात स्वतःचं काहीतरी जोडायची. याला वाटायचं, तेही पुस्तकातलंच. सहावीच्या परीक्षेत यानं लेखनिकाला सांगून इतिहासाच्या पेपरात लिहिलं, "राजा शूर होता, पण बायकोपुढं मांजर." गुरुजींनी घरी येऊन विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? तेव्हा अक्कानं बाहेर चुलीपाशी जाऊन कान धरले, यापुढं पुस्तकातलं एक अक्षर इकडचं तिकडं करणार नाही. निदान मोठ्यानं तरी नाही.

मग अक्काचं लग्न झालं. ती शहरात दोन खोल्यांत गेली. याला मालिश शिकवणाऱ्या शाळेत जागा मिळाली, तोही शहरात आला. तिथं हाडांचं आणि स्नायूंचं एक जाडजूड पुस्तक होतं आणि ते वाचून दाखवायला कुणी नव्हतं. अक्का म्हणाली, कोऱ्या कॅसेटी आणून टाक, मी वाचून भरून देते.

पण वाचायचं कधी? सकाळी स्वयंपाक, संध्याकाळी पाणी भरायचं. मोकळा वेळ म्हणजे फक्त दुपारचा. दुपारी एका खोलीत सासू झोपायची आणि दुसरीत दोन महिन्यांची मुलगी. सासूची झोप अशी, की मांजर चालत गेलं तरी "कोण आहे?" म्हणून उठायची. अक्का मोरीपाशी पाट टाकून बसायची, टेपरेकॉर्डर मांडीवर घ्यायची, डोक्यावरून गोधडी ओढायची आणि कुजबुजायची. नुसती कुजबुज. ओठाला कान लावला तरच कळावं अशी.

त्यात तिला एक शक्कल सुचली. टेप पुढं पळवताना नवं पान कुठं, नवं प्रकरण कुठं, हे आंधळ्याला कसं कळणार? तिनं पितळेचा एक छोटा पेला घेतला, तो माईकला अगदी चिकटवून धरला आणि नखानं टिचकी मारली. खोलीत चिमणीच्या चिवचिवाटाएवढाही आवाज नाही, पण टेपवर मात्र टिंग! लखलखीत. पान उलटलं की एक टिंग. प्रकरण संपलं की तीन. टेप भरधाव पळवली तरी चिक् चिक् करून पानं मोजता यायची. भाऊ त्या टेपांवर पास झाला, दोन वर्षं त्यानं एका दवाखान्यात माणसांच्या पाठी रगडल्या, आणि मग आंधळ्यांच्या बोलक्या वाचनघरात नोकरीला लागला. जाताना अक्काच्या कॅसेटी पिशवीत घालून घेऊन गेला. वाचनघराला ती टिंग इतकी आवडली, की पुढं जो जो वाचायला आला त्याच्या हातात आधी पेला दिला जायचा. अक्काही थांबली नाही. मुलगी शाळेत जाऊ लागली तरी दुपारच्या दुपारी गोधडी ओढून बसायची. मालिशीची, दाईकामाची, विजेच्या जोडणीची, शिवणकामाची पुस्तकं झाली. सगळ्या मिळून दोनशे चौदा फायली.

होय, फायली. कारण मधल्या काळात कॅसेटी गेल्या आणि संगणक आला.

संगणक आला तेव्हा वाचनघरातल्या डोळस मंडळींनी आवाजाची कामं करायला एक रंगीबेरंगी प्रोग्राम घेतला. पडद्यावर आवाजाचे डोंगर दिसायचे, माऊसनं ते पकडायचे, ओढायचे, कापायचे. टिचकीच्या हातात माऊस दिला. त्यानं त्याला टिचकी मारली आणि टेबलावर ठेवला. "मेलेला आहे," म्हणाला.

त्याला जे सापडलं ते दुसरंच. संगणकात एक काळी खिडकी असते. तिच्यात चित्र नाही, रंग नाही, नुसती अक्षरं. तुम्ही एक ओळ टाइप करायची, संगणक एका ओळीत उत्तर देणार. आणि टिचकीच्या संगणकात पडद्यावरची अक्षरं घडाघडा वाचून दाखवणारी एक बाई बसवलेली होती. तिला तो यंत्रबाई म्हणायचा. डोंगर यंत्रबाईला वाचता येत नव्हते, पण ओळ वाचता यायची. म्हणजे जिथं डोळस माणूस घाबरून मागं सरायचा, तिथं आमचा गडी घरच्यासारखा मांडी घालून बसला. आधी हत्याराचं नाव, मग रेघ, मग अक्षर, मग फाइलचं नाव. एंटर. यंत्रबाई म्हणायची, "झालं." आणि सगळ्यात भारी म्हणजे फाइलच्या नावाच्या जागी एक चांदणी ठोकली, की हुकूम खोलीतल्या सगळ्या फायलींना लागू!

"अहो, एका ओळीत सोळाशे फायली!" तो मला, वाचनघरातल्या गाववाल्या कारकुनाला, सांगायचा तेव्हा खुर्चीतून अर्धा वर उठलेला असायचा. "ते तिकडं एकेक डोंगर कुरवाळत बसलेत, आणि मी सोळाशे बकऱ्या एका शिट्टीत आत घेतो!"

त्याचा नियम एकच होता. मूळ फायलीला हात लावायचा नाही. आधी नक्कल करायची, जे काय बरंवाईट करायचं ते नकलेवर.

आता मुद्द्यावर येतो.

वाचनघराचा एक सभासद होता, ड्रायव्हरदादा. तीस वर्षं लॉरी चालवली, मग साखरेनं डोळे नेले. बसल्या जागी वाचनघरानं दिलेल्या यंत्रावर पुस्तकं ऐकायचा. एकदा अक्काचं पुस्तक लावलं, ऐकू येईना म्हणून आवाज वाढवत वाढवत नवावर नेला, यंत्र कानाला लावलं आणि डुलकी लागली. अक्काची फाइल संपली आणि पुढची आपोआप सुरू झाली. ती होती एका रिटायर हेडमास्तरांची. या गृहस्थांनी चाळीस वर्षं शेवटच्या बाकावरच्या पोरांना शिकवलेलं, त्यामुळं कुजबुजले तरी शेजारच्या गल्लीत कळायचं. "प्रकरण पहिलं!" अशी जी आरोळी आली, त्यासरशी ड्रायव्हरदादा खाटेवरून खाली, आणि यंत्र पाण्याच्या बादलीत.

तक्रार आली. ती आली तशी आणखी चौघांची आली. आणि वेळ अशी होती, की वाचनघर सगळ्या सभासदांना नवी तळहाताएवढी यंत्रं देणार होतं. सोळाशे फायली त्यात एकदाच भरायच्या आणि यंत्र सीलबंद करायचं. फायलींची डिस्क घ्यायला माणूस शनिवारी दुपारी बाराला येणार होता.

गुरुवारी सकाळी चिटणीसबाई टिचकीच्या टेबलाशी आल्या. वाचनघर त्याच चालवत. बाई सरळ, पण बोलणं फूटपट्टीसारखं.

"हे बघा, समितीनं नियम केलाय. यंत्राचा आवाज पाचवर ठेवायचा. पाचवर जी फाइल नीट ऐकू येईल ती आत, नाही येणार ती बाहेर. त्या पुस्तकांना आपण संगणकाचा आवाज लावू."

"म्हणजे कुठली कुठली बाहेर?" त्यानं विचारलं, पण उत्तर त्याला माहीत होतं.

"तुमच्या अक्कांची. सगळी."

टिचकीनं टेबलाला एक टिचकी मारली. बद्द वाजली.

ज्या आवाजाच्या जोरावर तो सगळी शाळा पास झाला, तो आवाज शनिवारी बाराला कायमचा अडगळीत जाणार होता. पण आमच्या गावची माणसं असल्या वेळी डोळे पुसत बसत नाहीत. त्यानं विचारलं, "बारा म्हणजे बाराच ना? पावणेबारा नाही?"

"बारा."

"मग भरपूर वेळ आहे."

त्यानं अक्काला फोन लावला. अक्का म्हणाली, "काढतायत तर काढू देत रे. मला काय फरक पडतोय? मी काय गायिका आहे?" आणि लगेच, "कोण ठरवणार म्हणालास? तिला म्हणावं, आधी गोधडीत बसून वाचून दाखव." आणि त्यानंतर, "तसंही आमच्या सासूबाई म्हणतातच, तुझं काही ऐकू येत नाही."

सासूबाई आता ऐंशीच्या पुढं होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचीही नजर गेली आणि त्या याच वाचनघराच्या सभासद झाल्या. दिवसभर हेडमास्तर ऐकायच्या. "माणूस कसा स्पष्ट बोलतो," म्हणायच्या, सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं.

टिचकी कामाला बसला. आवाज सारखा करणारं एक छोटं हत्यार त्याच्या काळ्या खिडकीत होतं. ते फाइल ऐकतं, तिच्यातला सगळ्यात उंच आवाज शोधतं आणि सगळी फाइल अशी उचलतं, की तो उंच आवाज छताला जाऊन टेकावा. छत म्हणजे शून्य. शून्याच्या वर आवाज गेला की फाटतो, म्हणून छताच्या जरा खाली थांबायचं. नक्कल केली, ओळ लिहिली, चांदणी ठोकली, एंटर. यंत्रबाई एकेक फाइल मोजायला लागली. हा आपला खुर्चीवर बसल्या बसल्या पाय हलवतोय. पाऊण तासात "झालं." त्याला कुठला धीर! उठला तो थेट चिटणीसबाईंच्या खोलीत.

"बाई, चला. पाचवर लावा. कुठलीही लावा!"

बाईंनी अक्काची एक फाइल पाचवर लावली. टिंग! आणि मग काहीच नाही. लांब कुठंतरी झुरळ चालल्यासारखी कुजबुज.

"हे आधीसारखंच आहे," बाई म्हणाल्या.

"नाही, जरा..."

"आधीसारखंच आहे."

टिचकी परत आला तो कान लाल करून. एवढी हवा करून गेला आणि टायर पंक्चर. आता मात्र त्यानं जे आधी करायला हवं होतं ते केलं. हत्यारानं लिहिलेली नोंद ऐकायला घेतली. यंत्रबाई वाचत सुटली. अक्का, फाइल एक, उचललं शून्य. फाइल दोन, उचललं शून्य पूर्णांक एक. फाइल तीन, शून्य.

"काय? अगं, अक्का छताला टेकलेली आहे? जिच्यानं तान्हं पोर उठलं नाही ती?"

पुन्हा ऐकवलं. शून्य. शून्य. शून्य.

त्यानं अक्काची फाइल सुरुवातीपासून लावली आणि पहिल्या क्षणालाच थांबवली. टिंग. पुन्हा लावली. टिंग. मग हळूच हसायला लागला, आणि मग इतका मोठ्यानं, की शेजारच्या खोलीतले पुस्तकं शिवायचं सोडून बघायला आले. ती टिंग त्यानं आयुष्यात दहा हजार वेळा ऐकली होती, म्हणून तर ती त्याला ऐकूच येत नव्हती. माईकला चिकटवलेला पेला! सगळ्या फाइलमध्ये सगळ्यात उंच आवाज तोच. हत्यार ते बिचारं टिंग मोजत होतं आणि म्हणत होतं, मालक, ही फाइल तर छतापर्यंत भरलेली आहे, आता कुठं उचलू? हेडमास्तरांचं निभलं, कारण त्यांचा आवाजच टिंगएवढा. मेली ती आमची कुजबुजणारी अक्का, आणि तीही स्वतःच्याच नखानं.

बरं, टिंग कापून टाकावी म्हटलं तर ती प्रत्येक पानाला आहे, एकेका फाइलला साठसत्तर. आणि कापली तर आंधळ्यानं पान शोधायचं कशानं? हट्टानं एक फाइल आवाजाची चौदा मापं, म्हणजे चौदा डेसिबल, वर उचलून पाहिली. अक्का ऐकू आली खरी, पण टिंग अशी फाटली की कानात खिळा. कानाला लावलेलं यंत्र काढून टेबलावर फेकलं.

शुक्रवारी सकाळी ड्रायव्हरदादा काठी टेकत आला. बादलीत बुडालेलं यंत्र परत करायला.

"घ्या तुमचं. मला नको आता. माझं हृदय काय सरकारी आहे का? एक बाई अंगाई म्हणते, आणि तिच्यामागनं बुवा येऊन कानाखाली वाजवतो!"

"दादा, बसा. ती बाई माझी अक्का."

"आँ? मग तिला जेवायला घालत नव्हता का रे तुम्ही?"

टिचकीनं त्याला सगळं सांगितलं. पेला, गोधडी, छत, शून्य. ड्रायव्हरदादा ऐकत होता आणि काठीची मूठ चोळत होता.

"थांब," तो म्हणाला. "म्हणजे असं बघ. लॉरी अर्धी रिकामी आहे. पण मधोमध एक बांबू उभा खोचलाय. आणि तुझा तो मोजणारा पुलाखाली उभा राहून म्हणतोय, गाडी पुलाला लागती, आता माल भरू नका."

"अगदी तेच!"

"मग तो मोजणारा येडा आहे. मालाची उंची मोजतात का कधी? मी तीस वर्षं लॉरी चालवली. गाडी काट्यावर चढवायची. वजन करायचं. आणि बांबू? बांबू वाकवून बांधायचा की दोरीनं. त्याला कोण विचारतंय?"

टिचकी उठून उभाच राहिला. त्यानं ड्रायव्हरदादाच्या कपाळावर खणकन टिचकी मारली.

"अरे, ए!"

"दादा, खणखणीत आहे! पक्कं भाजलेलं!"

वजन! हत्याराच्या माहितीत एक भाग होता, लांबलचक म्हणून त्यानं कंटाळून सोडलेला. यंत्रबाईला तो पुन्हा वाचायला लावला. त्यात होतंच ते. दुसरी रीत. सगळ्यात उंच ठोका बघायचाच नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फाइल कानाला एकंदर किती भरीव लागते ते काट्यावर चढवायचं, आणि सगळ्या फायली त्या एकाच वजनावर आणायच्या. आणि कुणी मध्येच डोकं वर काढलं तर तेवढं डोकं दाबायचं, बाकीच्याला धक्का नाही. बांबू वाकवायची दोरीसुद्धा तयार!

त्यानं अक्काची एक फाइल काट्यावर चढवली. छतापासून बत्तीस मापं खाली. हेडमास्तरांची, चौदा खाली.

"किती ठेवू सगळ्यांना?"

"मधलं काहीतरी ठेव," ड्रायव्हरदादा म्हणाला. "बुवाला उतरव, बाईला चढव."

वजा अठरा. ओळ लिहिताना टिचकीच्या हातून घाईत एक रेघ जास्त पडली, यंत्रबाई म्हणाली, "कळलं नाही." त्यानं तिला एक शिवी हासडली, रेघ खोडली. एंटर. आता मात्र वेळ लागणार होता. प्रत्येक फाइल दोनदा ऐकली जाणार, एकदा तोलायला, एकदा उचलायला. संध्याकाळी पाचला सातशे झाल्या होत्या. संगणक चालू ठेवून, त्याच्यावर "हात लावाल तर बोट मोडीन" अशी चिठ्ठी लावून तो घरी गेला. चिठ्ठी माझ्याकडून लिहून घेतली होती.

शनिवारी सकाळी सातला तो कुलूप उघडायच्या आधी दारात. "झालं," यंत्रबाई म्हणाली. त्यानं अक्काची मालिशीच्या पुस्तकाची पहिली फाइल पाचवर लावली.

टिंग. मऊ, गोड, अंगणात कुणी पेला ठेवल्यासारखी. आणि मग अक्का. अक्का! गोधडीबिधडी सगळी फेकून देऊन समोर पाटावर बसलेली. प्रत्येक अक्षर सुटं, सत्तावीस वर्षांच्या बाईचा आवाज, नुसता ताजा. गडी खोलीत एकटाच उड्या मारत होता. मागं नळ ठिबकत होता, तोही ऐकू येत होता. शेजारी झोपलेल्या भाचीचा श्वास ऐकू येत होता. सव्वीस वर्षं त्या फाइलमध्ये असून कुणाला न सापडलेली सगळी खोली वर आली होती.

आणि मग आणखी काहीतरी वर आलं.

टिचकीनं फाइल मागं घेतली. पुन्हा ऐकली. मग दुसरी लावली. मग तिसरी. अक्कानं चुलीपाशी कान धरले होते ते मोठ्यानं न बोलण्याबद्दल. ओठातल्या ओठात बोलायचं तिनं कधी सोडलंच नव्हतं.

बारा वाजायला आता साडेचार तास होते, फायली दोनशे चौदा, आणि कुठल्या फाइलमध्ये अक्का काय म्हणाली ते देवाला माहीत. ऐकून कापायचं म्हटलं तर महिना जाणार. त्यानं दोन वेळा फोन उचलला, दोन वेळा ठेवला.

अकराला तपासणी. चिटणीसबाई, समितीचे दोघे, आणि कान म्हणून मुद्दाम बोलावलेला ड्रायव्हरदादा. दारात अक्काही येऊन उभी. "बाजाराला आले होते, म्हटलं डोकवावं." बाजार वाचनघरापासून उलट्या दिशेला आहे.

यंत्र पाचवर. बाईंनी स्वतःच्या मनानं फायली निवडल्या. हेडमास्तर लागले. ड्रायव्हरदादा सवयीनं खुर्ची घट्ट धरून बसला, पण हेडमास्तर माणसासारखे बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग अक्का. मालिशीचं पुस्तक, प्रकरण नववं.

"माकडहाड हे पाठीच्या कण्याच्या शेवटी असतं," अक्का यंत्रातून म्हणाली, स्वच्छ, ठणठणीत. चिटणीसबाईंच्या भुवया वर गेल्या. "खूप वेळ एका जागी बसल्यानं तिथं वेदना होतात." टिंग. पान उलटलं. आणि मग त्याच आवाजात, जरा खाली, "होतात म्हणजे काय, मेल्यांनो, एवढं जाड पुस्तक लिहिलंत, माझंच मोडलं की इथं मोरीपाशी."

दारातल्या अक्काच्या हातातली पिशवी खाली पडली.

आणि ड्रायव्हरदादा जो हसत सुटला! काठी गेली, टोपी गेली, खोकला आला तरी हसतोय. "पुढं लावा, पुढं लावा! बंद करू नका!"

"हे पुस्तकात नाही," समितीतला एक जण म्हणाला.

"असायला पाहिजे होतं," ड्रायव्हरदादा म्हणाला. "ऐकणारा मी आहे ना? मग मला पाहिजे. नाहीतर हे दुसरं यंत्रपण बादलीत टाकीन."

चिटणीसबाईंनी यंत्र पुढं नेलं. पुन्हा लावलं. शिवणकामाचं पुस्तक, बाहीची मापं चालली होती, आणि खालून अक्का, "असली बाही कोण घालणार, बुजगावणं?" बाईंनी तोंडावर रुमाल धरला. खोकल्या. रुमाल काढला तेव्हा तोंड पुन्हा फूटपट्टीसारखं सरळ.

"समितीचा नियम काय होता? पाचवर नीट ऐकू आलं पाहिजे. ऐकू आलं?"

"आलं," समितीचे दोघे म्हणाले.

"सगळं ऐकू आलं. दोनशे चौदाही आत."

टिचकीनं टेबलाला टिचकी मारली. टेबल तेच होतं, पण मी शपथेवर सांगतो, या खेपेला ते खणखणीत वाजलं.

अक्का मात्र त्याच्या दंडाला धरून त्याला कोपऱ्यात ओढत होती. "मेल्या, हे ऐकू येतं? सगळं? काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!"

"तूच म्हणालीस, मला काय फरक पडतोय."

"अरे, ते वेगळं! ते दाईकामाचं पुस्तक... त्यात मी... सासूबाई आत घोरत होत्या तेव्हा... कितवं प्रकरण होतं रे ते?"

"मला काय ठाऊक? बाराला पाच कमी आहेत. तो बघ, डिस्क घेऊन चाललाय."

सोमवारी यंत्रं वाटली. सासूबाईंनी आपलं यंत्र घेतलं, हेडमास्तर बाजूला सारले आणि सूनबाई लावली. तीन दिवस घरात एक शब्द बोलल्या नाहीत. बटण दाबत होत्या, ऐकत होत्या, मागं घेऊन पुन्हा ऐकत होत्या. अक्का त्या तीन दिवसांत पायाचा आवाजसुद्धा न करता चालली. चौथ्या दिवशी चहाची कपबशी खाली ठेवून म्हातारी म्हणाली, "दाईकाम, प्रकरण बारावं, तिसरी टिंग. मी रेड्यासारखी घोरत होते काय गं?"

अक्काच्या हातून दूध उतू गेलं.

"आता स्पष्ट बोलतेस हो," म्हातारी म्हणाली. "चांगलं कळतं. पण ते मी घोरते ते काही ऐकू आलं नाही मला त्यात. तेव्हा खोटं बोललीस. आता रोज एक प्रकरण लावणार, आणि मग आपण बोलू."

आणि खरोखर, त्या दिवसापासून म्हातारी रोज एक प्रकरण ऐकून त्यातल्या प्रत्येक शेऱ्याला सव्वीस वर्षं उशिरा, खणखणीत आवाजात, सविस्तर उत्तर द्यायला लागली.

आठवड्यानं अक्काचा फोन आला. टिचकी तेव्हा माझ्यासमोरच बसला होता, आनंदानं पाय हलवत.

"अरे, त्या तुझ्या काळ्या खिडकीत आवाज कमी करायची ओळ आहे का रे एखादी? आमच्या सासूबाईंसाठी विचारतेय."

"आहे की. पण अक्का, ती मूळ फाइल आहे," टिचकी म्हणाला. "मूळ फायलीला मी हात लावत नाही."